वैजनाथरावांचा अंगठा

आमच्या कर्वेनगरातल्या सोसायटीचे वैजनाथराव दर रविवारी आपली जुनी गिअरची स्कूटर काढून मंडईत जातात आणि अख्ख्या इमारतीची भाजी आणतात. कोणाला कोवळी भेंडी लागते, कोणाच्या घरी कारलं चालत नाही, सगळं त्यांना पाठ. परळीहून कारखान्यातल्या नोकरीसाठी ते पुण्यात आले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण खरी नोकरी ही भाजीची, असं ते मानतात.

यंदा त्यांच्या उजव्या पायाच्या तळव्याची जाणीव गेली. मधुमेह जुना. डॉक्टरांनी समजावलं, की सगळ्यात लांबचे मज्जातंतू आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. मुलगी नम्रता स्कूटरची किल्ली मागू लागली. ब्रेक त्याच पायाचा.

"पाय माझा आहे. मला कळतं," वैजनाथराव म्हणाले, आणि किल्ली खिशात ठेवून झोपू लागले.

अशात गणपती आले. आमचा जिवंत देखावा दरवर्षी पौराणिक असतो. यंदा अध्यक्ष आप्पासाहेबांनी जाहीर केलं, "देखावा विज्ञानाचा. मज्जासंस्था." मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून मांडणी माझ्याकडे आली. तळमजल्यावर बांबू-कापडाचा भलामोठा अंगठा आणि त्यात पाय घालून बसलेले वैजनाथराव. जिन्यात भिंतीच्या बाजूला मेंदूकडे बातमी नेणारे रहिवासी, कठड्याच्या बाजूला मेंदूचा हुकूम खाली आणणारे. गच्चीत पांढऱ्या, सुरकुतलेल्या फेट्यात मेंदू, म्हणजे आप्पासाहेब. अंगठ्याला सुई टोचली की बातमी वर जाणार, हुकूम खाली येणार, मग पाय उचलायचा.

दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधल्या फटीतून रसायन पलीकडे जातं, हेही मी सांगून बसलो. मग दोन माणसांत एक पायरी मोकळी सोडली, आणि रसायन म्हणून खिरापतीची पुडी पुढे द्यायची ठरली.

पहिल्या तालमीत बातमी पहिल्या मजल्यापुढे गेलीच नाही. तिथल्या शंभूरावांनी रसायन खाल्लं.

"तोंडात टाकल्यावर आठवलं," ते म्हणाले.

हुकूम आणणाऱ्यांनी आपल्यालाही फेटे हवेत म्हणून हट्ट धरला. त्यावर रुसून बातमी नेणारे दुसऱ्या तालमीला आलेच नाहीत. तिसऱ्या तालमीत पुडी गच्चीपर्यंत पोचली, तर आप्पासाहेब ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, "विषय पुढच्या बैठकीत घेऊ."

"अहो, तोवर अंगठ्याने काय करायचं?" वैजनाथरावांनी खालून विचारलं.

"कळ काढायची."

शेवटी मी नम्रताला अंगठ्याशेजारी उभं करून मज्जारज्जू केलं. खरा मज्जारज्जूही टोचलं-भाजलं की मेंदूची वाट न बघता पाय मागे घ्यायला लावतो. मेंदूला मागाहून कळतं. आप्पासाहेबांना हे अधिकारावर आक्रमण वाटलं, पण पुस्तकात होतं म्हणून ते गप्प बसले.

प्रयोगाला आजूबाजूच्या सोसायट्या लोटल्या. अंगठा लालबुंद दिसावा म्हणून आत बल्ब सोडला होता. सुई टोचली. वैजनाथराव ठरल्याप्रमाणे "आई गं" म्हणाले, पुडी वर निघाली. तेवढ्यात नम्रताला करपल्याचा वास आला. तिने कापड बाजूला केलं. बल्ब कलंडून त्यांच्या तळव्याला टेकला होता, आणि वैजनाथराव प्रेक्षकांकडे बघून हसत होते.

तिने पाय ओढून बाहेर काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वैजनाथराव तळव्यावरच्या फोडाकडे बघत राहिले. "हे कधी झालं?"

"आत्ता. तुम्ही हसत होतात तेव्हा."

"पण सुईला तर मी ओरडलो."

"सुई तुम्हाला दिसत होती, बाबा."

नम्रता पायावर पाणी ओतत होती. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या ओल्या हातात ठेवली.

त्याच वेळी गच्चीतून आवाज आला, "ठराव मंजूर. अंगठ्याने पाय उचलावा."

फोड बरा झाल्यावरच्या रविवारी स्कूटर पुन्हा निघाली. पुढे नम्रता, मागे पिशव्या मांडीवर घेऊन वैजनाथराव. फाटकापर्यंतच ते तीनदा "ब्रेक" म्हणाले.

"लागलाय, बाबा. तुम्ही नुसती बातमी द्या."

मंडईत मात्र तिने मध्ये पडायचं नाही, असं ठरलं आहे. भेंडीचं टोक मोडून बघायचं काम त्यांचं. हाताच्या बोटांची बातमी अजून नीट पोचते.