कडू घास
पिठल्याचा वास आला की मला आमचे बिशप आठवतात. तरुणपणी परदेशातून मिशनरी म्हणून ते कोल्हापुरात आले आणि इथंच राहिले. मी त्यांची गाडी चालवायचो. एका सकाळी तिकडं त्यांची आई वारल्याचा फोन आला. तरीही ते ठरल्याप्रमाणे गगनबावड्याला प्रार्थनेसाठी गेले. दुपारी परतलो, तर शेजारच्या मावशी पिठलं-भाकरी घेऊन दारात उभ्या होत्या. "मयताच्या घरात चूल पेटवत न्हाईत. दोन घास खावा," त्या म्हणाल्या. बिशप म्हणाले, "पण आई तिकडं गेली, मावशी." "व्हय, पर लेक हितं हाय की." तेव्हा ते पायरीवरच बसले आणि रडले. गेल्या महिन्यात आम्ही त्यांना इथंच पुरलं. दफनाच्या फॉर्मवर नातेवाइकाचं नाव विचारलं होतं. मी मावशींचं लिहिलं.