मालकांना पालथं निजवलं नाही

डॉक्टरांनी नळी माझ्या मालकांच्या पाठीवर चार ठिकाणी टेकवली, कानांतून काढली आणि म्हणाले, "फ्लू होता, त्यातून न्यूमोनिया झालाय. दोन्ही बाजूंना." मी नुसती बघत राहिले, तेव्हा त्यांनी सोपं करून सांगितलं, "फुप्फुसं भरलीत. कफ आहे, पाणी आहे. ते बाहेर काढावं लागेल."

त्यातला पाणी एवढाच शब्द मला पुरता कळला. कोळ्याच्या घरात तो कळायला शाळेत जावं लागत नाही.

मी सातवी शिकलेली आहे, तरी हे लिहायला मला दहा वर्षं लागली. तुमच्या घरचं माणूस कधी असं छाती भरून खाटेवर पडलं, तर मी केलं ते तुम्ही करू नका, एवढ्यासाठी लिहिते आहे.

सत्तावन्न सालची ती फ्लूची साथ. किहीमजवळच्या आमच्या कोळीवाड्यात पावसाळ्यासाठी होड्या वर ओढून शाकारून झाल्या होत्या. माझे मालक सुके बोंबील घेऊन लाँच बंद व्हायच्या आधी मुंबईला गेले आणि ताप घेऊन परतले. पहिले तीन दिवस आम्ही त्यांची चेष्टाच केली. भर समुद्रात भिजून कधी शिंकले नाहीत आणि मुंबईच्या हवेने आडवे झाले म्हणून. सासूबाईंनी आल्याचा काढा पाजला, मीठ गरम करून छाती शेकली. चौथ्या दिवशी ओठ निळसर दिसायला लागले. दोन शब्द बोलायचे तर मध्ये थांबून दम घ्यावा लागे. मग बैलगाडीत घालून त्यांना सरकारी इस्पितळात आणलं.

वॉर्ड भरून गेला होता. खाटांच्या मध्ये जमिनीवरही माणसं होती. मालकांना पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली, नाकाला प्राणवायूची नळी लागली. डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शन जंतू मारेल. पण साचलेला कफ औषधाने बाहेर येत नाही. तो हाताने काढावा लागतो."

त्या उपचाराला पोश्चरल ड्रेनेज म्हणतात. म्हणजे खाटेचं पायाकडचं अंग विटा लावून उंच करायचं, रोग्याला पोटाखाली उशी देऊन पालथं निजवायचं, डोकं खाली. मग पाठीवर थापा द्यायच्या, म्हणजे आत चिकटलेला कफ सुटून घशाकडे उतरतो आणि खोकून बाहेर पडतो. दिवसातून चार वेळा, जेवणाच्या आधी. एवढ्या रोग्यांना पुरे पडणं सिस्टरच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून ती घरच्यांनाच शिकवायची.

"भाकरी थापता ना बाई? तसा सपाट हात नको," ती मला म्हणाली. "पंजा ओंजळीसारखा वाकवा. आवाज पोकळ यायला हवा."

पहिल्या वेळी तिनेच करून दाखवलं. मालक खोकले, पिवळा कफ पडला. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

मी नऊ वर्षांची असताना माझ्या वडिलांना खडकाजवळ पाण्यातून काढलं होतं. उलट्या ठेवलेल्या होडीवर त्यांना पालथं घातलं होतं. डोकं खाली लोंबत होतं आणि दोघे जण पाठ दाबत, थोपटत होते. तोंडातून पाणी आलं. माणूस परत आला नाही. आमच्या वाड्यात पालथं घालतात ते बुडालेल्याला. झोपेत मूल पालथं झालं तरी आई धावत जाऊन त्याला सरळ करते. आणि इथे मला सांगत होते, जित्या नवऱ्याला तसं निजव.

मालकांनाही ते सोसत नव्हतं. "नको गो," ते धापा टाकत म्हणाले. "पालथा नको करू. जीव घाबरतो माझा."

सिस्टरची पाठ वळली की मी त्यांना उताणं करायचे. उशी पोटाखालून काढून डोक्याखाली द्यायचे. कपाळावरून हात फिरवत बसायचे. मला वाटत होतं, मी माया करते आहे.

"थापा दिल्या?" सिस्टर विचारायची.

"दिल्या."

सासूबाई दिवसभर बाहेर व्हरांड्यात बसून असायच्या. मी पाणी घ्यायला गेले की विचारायच्या, "डाक्टर सांगतो तसा करतेस ना गो?"

"करते आये."

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकून पाहिलं. "खालचा भाग दगडासारखा वाजतोय. थापा कोण देतंय?"

मी सगळं सांगितलं. वडिलांचंही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाह्या सरसावल्या, मालकांना पालथं केलं आणि स्वतः थापा देऊ लागले. वाडगाभर कफ पडला. दुपारी मालक न थांबता बोलले, "भूक लागली, पेज दे." दोन दिवसांत त्यांचं पहिलं सबंध वाक्य. त्यानंतर मी एकही वेळ चुकवली नाही. तळवे लाल झाले. कफ पडत राहिला, ओठांचा निळेपणा कमी झाला आणि मला वाटलं, सुटलो आपण.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते गेले. हृदय थकलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "ही साथच वाईट आहे. सगळं वेळेवर करूनही माणसं गेलीत. तुमच्या दोन दिवसांमुळे ते गेले, असं मी म्हणणार नाही."

"आन् त्यामुळं न्हाय गेले, असं म्हनाल?" मी विचारलं.

त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

सासूबाईंना मी काहीच सांगितलं नाही. हिंमत झाली नाही. बारावा उरकला आणि त्यांनाच ताप भरला. छाती घरघरायला लागली. गाडी जुंपायची म्हटलं तर हट्टाला पेटल्या. "माझा नारान जिथं गेला, तिथं मी येनार न्हाय."

मग घरीच करायचं ठरवलं. कंपाउंडर येऊन इंजेक्शन देऊन जाई. बाकीचं माझ्याकडे होतं. उशीऐवजी मालकांचं जुनं जाळं घडी करून अंथरुणावर ठेवलं. पण हात लावण्याआधी सांगणं भाग होतं. त्याच हातांनी त्यांना फसवून थापा देणं मला जमणार नव्हतं.

"आये, मी इस्पितळात खोटं बोलले. दोन दिवस मी त्यांना पालथं निजवलंच न्हाय. थापा दिल्याच न्हाईत."

सासूबाई कौलांकडे बघत पडून राहिल्या. माझ्या वडिलांना होडीवर घातलं तेव्हा किनाऱ्यावर त्याही होत्या. त्या मला घराबाहेर काढतील असं मला वाटलं, आणि त्यांनी तसं केलं असतं तरी मी एक शब्द बोलले नसते.

मग त्या कोपरावर रेटा देऊन उठल्या आणि त्या जाळ्यावर आपल्या आपण पालथ्या झाल्या.

"मार गो," त्या म्हणाल्या. "जोरान मार. त्याच्या वाट्याचं बी मार."

मी पंजा वाकवला. त्या खोकत होत्या, रडत होत्या, आणि मी रडत थापा देत होते.

सासूबाई वाचल्या. आता थकल्या आहेत. थंडीत खोकला लागला की स्वतःच जाळं अंथरतात, पालथ्या होतात आणि मला हाक मारतात. ज्या पाठीवर मी हात उचलला नाही ती मला रोज आठवते, आणि जी माझ्यापुढे आपण होऊन वळली तिच्यावर मी थापा देत बसते.