आतून कडी नसलेलं मंगळावरचं घर

वर्कशॉप कितीही झाडलं तरी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात लोखंडाचा चुरा सापडतोच. आमच्याकडचे किस्सेही तसेच. विसरलो म्हणेपर्यंत कुणीतरी चहाला बसतं आणि पुन्हा एक निघतो! लोक हसतात. मंगळाच्या घराचे किस्से सांगताना मी मात्र हसत नाही. माझं डोकं अजून तापतं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचं टाक्या बनवायचं शॉप. मालक अण्णा, मी सुपरवायझर, सगळ्यांचा मामा, आणि वेल्डर शालन. शालन कबनूरची, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. कुठलंही मशीन ती आधी कानानं तपासते, मग हातानं.

एकदा कुठल्याशा संस्थेचे साहेब आले. मंगळावर माणसं वसवायची, त्याची रंगीत तालीम म्हणून माळावर एक बंद पोलादी घर ठेवायचं, सहा माणसं शंभर दिवस आत राहणार. घर आम्ही बनवायचं. शालनचं काम बघून साहेब म्हणाले, "दुरुस्तीला एक माणूस लागेलच. तुम्ही चला आत!"

त्या दिवसापासून पोरगी हवेत. स्वतःचे नट आवळायचे पाने तेल लावून, फडक्यात गुंडाळून तयार ठेवले.

*

आमच्या शॉपची एक रीत आहे, अण्णांच्या वडिलांपासूनची. माणूस आत शिरेल अशी वस्तू बनली, की ज्यानं बनवली त्यानं आधी आत बसायचं. दार बंद. बाकीच्यांनी चहा पिऊन यायचं, मग उघडायचं.

घर तयार झालं तशी शालन आत बसली. आम्ही टपरीवर गेलो. गप्पांत दुसरा चहा झाला. परत येतो तर दार आतून धडाधडा वाजतंय!

"आतनं उघडायला कडीच न्हाई की!" शालन घामानं निथळत बाहेर आली.

ड्रॉइंगमध्ये खरंच नव्हती. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मंगळावर दार उघडून जाणार कुठे? बाहेर हवाच नाही."

"आन् आतलीच हवा बिघडली तर वो?" शालननं विचारलं.

"ते डिझाइनमध्ये नाही."

हवा बिघडणं डिझाइनमध्ये नाही! शालननं फोन ठेवला आणि त्याच दुपारी दाराला आतून उघडायची दणकट कडी बसवली.

साहेबांनी ती बघितली आणि यादीतून शालनचं नाव खोडलं. म्हणाले, "ड्रॉइंगबाहेर जाणारा माणूस मंगळावर चालत नाही." कडी काढायला मात्र वेळ उरला नव्हता, ती तशीच राहिली. शालननं फडकं सोडलं आणि पाने परत रॅकवर लावले. मला मात्र त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटली. आजही वाटते.

*

निवडलेली सहा माणसं घर बघायला आली. सगळी शिकलेली, नावापुढं डिग्र्यांची शेपटं. एकाला मी विचारलं, "आत नळ गळायला लागला तर काय करणार?"

"कम्प्लेंट करणार."

"कुणाकडं, पावणं?"

त्यानं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं.

*

आत टेबल दोघांपुरतं होतं. जागा वाचवायची म्हणून पाळीपाळीनं जेवायचं, भिंतीकडं तोंड करून! दहाव्या दिवशी निरोप आला, आत कुणी कुणाशी बोलत नाही. साहेबांनी लगेच मनोविकारतज्ज्ञ बोलावले. मीटिंगवर मीटिंग.

देखभालीचं काम आमच्याकडं असल्यानं आम्हीही तिथं होतो. शालन म्हणाली, "खाली बसा म्हणावं की! सा माणसांची पंगत काय बसत न्हाई व्हय?"

सहा विद्वान आणि बाहेरचे बारा, जमिनीवर बसून जेवता येतं हे एकालाही सुचलं नव्हतं! साहेब म्हणाले, "जमिनीवर बसणं प्रोटोकॉलमध्ये नाही."

पण मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या निरोपात ते घातलं, साहेबांनी न वाचताच सही केली, आणि आतले दोन दिवसांत एकमेकांना वाढायला लागले.

*

आतला प्रत्येक निरोप मुद्दाम वीस मिनिटं अडवून मग बाहेर सोडत. मंगळ लांब आहे, तिथून आवाज यायला वेळ लागतो म्हणून. बाहेरून आत जाणाऱ्या निरोपाचंही तसंच, आणि त्याला वर साहेबांची सही लागायची.

एके सकाळी आतल्यांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग देखभालीसाठी शॉपमध्ये आलं. ते भाजीच्या रोपांबद्दल काहीतरी सांगत होते. शालन एकदम उठली.

"मामा, मागं हवंचा पंप ऐका. बेअरिंग गेलंय. दुसरा पंप चालू करा म्हणावं!"

फोन केला. साहेब मीटिंगमध्ये. मोटरसायकल काढून आम्ही माळावर पोचलो, तर गेटवरच अडवलं. "मंगळावर असं कुणी भेटायला येत नाही," म्हणे! शालन त्या पहारेकऱ्यावर ओरडली, मीही ओरडलो. शिव्या दिल्या, लपवत नाही. मंगळ वीस मिनिटांवर होता आणि साहेबांची सही तीन तासांवर!

सही होण्याआधीच दार उघडलं. आतून. सहाही माणसं डोकं धरून बाहेर आली आणि माळावर ओकत बसली. त्यातल्या एक बाई शालनचा हात धरून ढसाढसा रडल्या.

साहेबांचा रिपोर्ट मी स्वतः वाचलाय. त्यात पंपाला एक ओळ होती. खाली लिहिलं होतं, "आतून कडी असल्याने प्रयोग अर्धवट राहिला. पुढील घरास कडी नसावी. दुरुस्तीसाठी वेगळ्या माणसाची गरज नाही."

*

पुढच्या घराचं काम पुन्हा आमच्याकडंच आलं. मी म्हटलं, "अण्णा, न्हाई म्हणून सांगा त्येला!"

अण्णांनी ड्रॉइंग शालनच्या हातात दिलं. "हाय तसंच करायचं. ह्येच्यात आपलं डोकं घालायचं न्हाई."

शालननं तसंच केलं. सूतभरही फरक नाही.

ताबा घ्यायला साहेब आले. अण्णांनी हात जोडले. "साहेब, आमची रीत तुमास्नी ठावं हाय. ज्येनं बनवलं त्येनं आधी आत बसायचं. ह्या बारीला आमचं काय बी न्हाई, सगळं तुमचंच हाय."

साहेब खूश झाले. फोटो काढून घेतला आणि ऐटीत आत गेले. शालननं दार लावलं. आम्ही चहा तिथंच मागवला.

चहा निम्मा झाला असेल, आतून दार वाजायला लागलं. मी उठलो.

"बसा मामा," शालन घड्याळाकडं बघत म्हणाली. "मंगळावरचा निरोप हाय. वीस मिनिटांनी ऐकू येतोय."

अण्णांनी रिकामी कपबशी पुढं सरकवली. "मग अजून एकेक चहा सांग की गं."