जुळारीमामा आणि उसने खिळे

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, शिरूरच्या एका छापखान्यात जुळारीमामांचा अपमान झाला. चार गिऱ्हाइकांसमोर मालक म्हणाले, "मशीन म्हातारी, आणि मामांचा हात तिच्याहून म्हातारा. दोन्ही एकदमच काढायला झालेत." मामांनी हातातली ओळ पुरी केली, मगच मान वर केली.

यात माझा वाटा होता, तो आधीच सांगून टाकतो. आमच्या वस्तीला नळ मिळावेत म्हणून तहसील कचेरीवर मोर्चा निघायचा होता. त्याची सोळा पानांची पुस्तिका महिनाभरात सहा पानांच्या पुढे गेली नव्हती. "इथं काय झोपा काढता का?" असं त्या सकाळी ओरडलेला माणूस मीच. मालकांना कोणावर तरी ढकलायचं होतं, मामा समोर उभे होते.

मामांचं नाव किसन भालेराव. राहायला आमच्याच वस्तीत, बुद्धविहाराच्या मागे. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, एकेक करून खणांतून उचलायचे, उलट्या अक्षरांची ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, हे काम त्यांनी पंचवीस वर्षं केलं. उलटं वाचायची सवय अशी, की समोर बसलेल्या माणसाच्या हातातला कागद ते त्याच्या आधी वाचून मोकळे व्हायचे. कुठल्या खणात काय किती आहे ते त्यांना तोंडपाठ होतं. मी पहिलं पत्रक घेऊन गेलो तेव्हा त्यांनी कागदावरून एकदा नजर फिरवली आणि तो परत माझ्या हातात दिला.

"पुढारी, ही उद्गारचिन्हं चाळीस हायेत. आपल्याकडं अकराच."

"मग राहिलेल्या ठिकाणी काय टाकणार?"

"काय न्हाई. समदा राग अकरातच बसवा. बसत न्हाई म्हंजी राग खरा न्हाई."

मी चिडलो, पण घरी जाऊन एकोणतीस खोडली. पत्रक सुधारलं, हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

तर त्या अकरा वाजताच्या गोष्टीकडे येतो. मालकांच्या मनात पायाने चालवायची ती जुनी ट्रेडल मशीन भंगारात काढायची, पुण्याहून नवी मशीन आणायची आणि तिच्यावर तरुण माणूस बसवायचा, असं चाललं होतं. मामा शांतपणे म्हणाले, "शेठ, मशीन हळू न्हाई. मशीन नुसती बसून ऱ्हाती. खिळं कमी पडत्यात."

मग त्यांनी मला खणांपाशी नेऊन दाखवलं. दोन पानं जुळवली की 'र' संपायचा, 'ळ' संपायचा, काने तर दुसरं पान जेमतेम पुरं करायचे. तिसऱ्या पानाला हात लावायचा तर आधी ती दोन छापायची, मोडायची, एकेक खिळा त्याच्या खणात परत टाकायचा. तोवर मशीन गप्प. मी महिनाभर ज्या माणसाला आळशी समजत होतो, तो दिवसाचा निम्मा वेळ आदलीच अक्षरं सोडवण्यात घालवत होता.

"म्हाताऱ्या मशीनपायी नवे खिळे घेऊ आणि उद्या तीच बसली तर?" मालकांनी विचारलं. प्रश्न खोटा नव्हता.

"घेऊ नगा. पंधरा दिवस द्या. दौंडहून उसनं आणतो. मशीन दमली तर तिच्यासंगं मी बी जातो."

दौंडला स्टेशनजवळच्या एका छापखान्यात मामा हे काम शिकले होते. त्यांचे जुने सोबती आप्पा तो चालवत. उन्हाळ्यात तिथे काम थोडं, म्हणून खिळे मिळाले. पुडके बांधून दोन पोत्यांत भरले आणि आम्ही एसटीत चढवले. पोतं पायाने सरकेना तेव्हा कंडक्टर वैतागला.

"काय भरलंय हो मामा यात?"

"बाराखडी हाय."

"मग तिचं बी तिकीट काढा."

अख्खी गाडी हसली. वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत तो "बाराखडी, सरकून घ्या" असं म्हणत होता.

दुसऱ्या दिवसापासून ट्रेडल दिवसभर चालली. सहा पानं एकदम जुळलेली. दोन छापत असताना मामा पुढची दोन उभी करत. त्यांचा हात मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. तो खणांवरून नुसता फिरायचा आणि ओळ भरलेली असायची. पुस्तिका मोर्चाच्या दोन दिवस आधी बांधून झाली. मशीन दमली नाही, मामाही नाहीत.

घोळ मी घातला. मदत करतो म्हणून छापलेली पानं मोडायला बसलो आणि दौंडचे खिळे शिरूरच्या खणांत टाकले. आकार एक, वळण एक. माझ्या लक्षात आलं तेव्हा सगळं एक झालं होतं. मालक म्हणाले, "त्यात काय, वजन करून निम्मे देऊन टाका."

मामा म्हणाले, "वजनानं निम्मं दिलं आन् त्यांचा 'ळ' समदा हितंच ऱ्हायला, तर? दौंडकरांनी नळ मागायचा कशानं?"

मोर्चाच्या दिवशी आम्ही कचेरीसमोर घोषणा देत होतो, तेव्हा मामा छापखान्यात बसून खिळे निवडत होते. शिरूरच्या खिळ्याला बाजूला एक खाच, दौंडच्याला दोन. नजर खिडकीबाहेर, अंगठा खाचेवर. एक इकडे, एक तिकडे. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "पुढारी, दुसऱ्याची वस्तू मोजून न्हाई, वळखून परत करायची आस्ती."

मालकांनी पुण्याहून नवे खिळे मागवले. ट्रेडल अजून आहे, आणि आता मालक गावभर सांगतात, मशीन ठेवायचा निर्णय त्यांचा होता. त्या सकाळचे शब्द मात्र त्यांनी परत घेतले नाहीत. मामांनी नवे खिळे खणांत लावून दिले, दौंडची पोती घेतली आणि एसटीत बसले. पोती पोचवायला गेले ते आप्पांच्या छापखान्यातच राहिले. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "हितं हाताचं वय कुणी इचारत न्हाई."

आमच्या वस्तीला चार नळ आले. पुस्तिका अजून घराघरांत आहे. तिच्या शेवटच्या पानावर तळाला मुद्रक म्हणून मालकांचं नाव आहे, पहिल्या पानावर लेखक म्हणून माझं. ज्याच्या अंगठ्यातून प्रत्येक अक्षर गेलं, त्याचं कुठेच नाही. ती पानं मी लिहिली, मीही ते नाव घातलं नाही. कोणाला शिव्या देण्याआधी हे माझ्या खात्यावर लिहून घ्या.

मामांनी दिलेल्या अकरा उद्गारचिन्हांपैकी मी इथे एकच वापरणार आहे. तुमच्या घरातली पुस्तिका काढा, मालकांच्या नावाखाली शाईने 'जुळारी: किसन भालेराव' असं लिहा. आणि पुढच्या वेळी पत्रक छापायला जाल तेव्हा खिळे जुळवणाऱ्याचं नाव विचारा, ते छापून घ्या, आणि मालक नाही म्हणाला तर कागद उचलून बाहेर पडा!