लॅमिनेट केलेला खेळाडू

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागायला हवी. माझं मराठी घरात ऐकून आलेलं. ओमानमधल्या अल् घुब्राच्या शाळेत आम्ही मुलं आपसात इंग्रजीच बोलायचो. मराठी वाचायला मला आईने शिकवलं, तेही स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे काही लिहायचं निघालं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मला मात्र एक परिच्छेद लिहायला अख्खी संध्याकाळ लागते. त्यात विषय असा की वाचणारा हसेल. मी बेसबॉलची कार्डं जमवतो. बेसबॉलचा सामना मी मैदानात बसून एकदाही पाहिलेला नाही. ओमानमध्ये तो खेळ खेळताना मला कधी कुणी दिसलंही नाही. तरीसुद्धा या कार्डांनी मला जे दिलं ते कुठेतरी सांगावंसं बरेच दिवस वाटतंय.

सुरुवात बाबांमुळे झाली. बाबा एसी मेकॅनिक. एकदा अझैबामधलं एक गोरं कुटुंब ओमान सोडून निघालं होतं आणि त्यांच्या घरातले एसी उतरवायचं काम बाबांकडे होतं. त्या लोकांनी नको असलेलं सामान दारात मांडून ठेवलं होतं, हवं ते उचला म्हणून. बाबांनी माझ्यासाठी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा उचलला. शाळेच्या बसमध्ये सगळ्या मुलांकडे क्रिकेटची कार्डं असतात आणि माझ्याकडे फारशी नाहीत, हे त्यांना माहीत होतं.

"घे, क्रिकेटची कार्डं," ते म्हणाले.

मी डबा उघडला. आत टोप्या घातलेले, गाल फुगवून काहीतरी चघळणारे, खांद्यावर गदेसारखा दांडा घेतलेले पुरुष होते.

"बाबा, हे क्रिकेट नाही."

"बॅट हाय ना हातात? मग झालं तर."

बसमध्ये त्या कार्डांच्या बदल्यात कुणी काही देईना. पण त्यातूनच माझी वाट निघाली. जे कुणालाच नको असतं ते स्वस्त असतं, आणि स्वस्त तेवढंच मला जमण्यासारखं होतं.

अझैबातच एका क्लबच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याला एका शुक्रवारी कार्डवाल्यांचा बाजार भरतो. टेबलं मांडलेली असतात. पायघोळ दिशदाशा घातलेले ओमानी कॉलेजकुमार, एक फिलिपिनो जोडपं, भारतीय शाळांतली मुलं, असे सगळे. फुटबॉल आणि क्रिकेटच्या टेबलांवर गर्दी, आणि बेसबॉलची कार्डं टेबलाखाली बुटांच्या खोक्यात. मी हळूहळू शिकलो की बाजार उठायच्या वेळेला जावं. तेव्हा विकणारे दमलेले असतात आणि खोकं परत जिना उतरवून न्यायचा त्यांना कंटाळा येतो. हवं ते कार्ड दिसलं तरी चेहऱ्यावर काही दाखवू नये. आणि अदलाबदल करताना दोघांनी आपापलं बोट कार्डावर ठेवून "खलास" म्हटलं की सौदा पक्का. मग आई रडो की बाप ओरडो, कार्ड परत मागायचं नाही. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण तो तिथे सगळे पाळतात.

बाबा खाली व्हॅनमध्ये बसून राहायचे. आठवड्यातला तो एकच सुट्टीचा दिवस, पण मला घेऊन येताना त्यांनी कधी कुरकुर केली नाही. एकदा मात्र वर आले आणि फिलिपिनो बाईंशी मासळीवालीशी करावी तशी घासाघीस करू लागले. "सिस्टर, लास्ट प्राइस बोलो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना मात्र मजा वाटली. तेव्हापासून मला बघितलं की त्या विचारायच्या, "लास्ट प्राइस कुठे आहेत?"

तिथेच मला चाचा भेटले. ते दूर सहम गावात किराणा मालाचं दुकान चालवायचे आणि बाजाराच्या दिवशी तिथून एवढं अंतर कापून यायचे. मूळचे रत्नागिरीकडचे. बाबांशी बोलणं झालं तेव्हा कळलं की दोघांची गावं एकाच खाडीच्या अल्याड-पल्याड. मग काय, मी वर कार्डं चाळतोय आणि हे दोघे जिन्यात बसून तिसऱ्याच कुणाच्या आंब्यांबद्दल भांडतायत.

बेसबॉल मला चाचांनी शिकवला. ते तरुणपणी वाळवंटातल्या एका तेल कंपनीच्या कॅम्पात स्वयंपाकी होते. तिथला एक अमेरिकन इंजिनिअर जेवण झाल्यावर टेबलावर कार्डं मांडून त्यांना खेळ समजावायचा. चाचा त्याला नुसतं साहेब म्हणायचे.

"घरनं निघायचं, तीन ठेसनं फिरायची आणि परत घरीच यायचं," चाचा मला सांगायचे. "बघ, हा खेळ आपल्या गल्फवाल्यांनाच समजायला पायजे. मधल्या ठेसनात अडकलेले किती असतात म्हायत्ये?"

साहेब ओमान सोडून गेला तेव्हा त्याने आपला आल्बम चाचांना दिला. त्याच्या लहानपणीच्या आवडत्या संघाची, एकाच वर्षातली सगळी कार्डं त्यात होती. फक्त एक कप्पा रिकामा होता. तो भर, साहेब म्हणाला होता, आणि भरलास की मला दाखव. नंतर दोघं वर्षातून एकदा फोनवर बोलत राहिले, आणि चाचा शोधत राहिले. ते कार्ड कुणा नामवंताचं नव्हतं. नामवंतांची कार्डं लोक जपून ठेवतात, त्यामुळे ती महाग असली तरी मिळतात. हा होता राखीव खेळाडू, कान पुढे आलेला, बिचाऱ्यासारखा हसणारा. असल्यांची कार्डं लोक फेकून देतात.

मी बारावीत असताना चाचांच्या दुकानाचं भवितव्य ठरलं. त्यांच्या अर्बाबच्या, म्हणजे ज्याच्या नावावर दुकानाचा परवाना होता त्या ओमानी मालकाच्या मुलाला तिथे कॉफी शॉप काढायचं होतं. भांडण काही नव्हतं. अर्बाबने त्यांना घरी बोलावून जेवू घातलं आणि सांगितलं. चाचा आता कायमचे गावी निघाले होते. साहेबही म्हातारा झाला होता, फोनवर त्याचा आवाज ओढल्यासारखा येई, असं ते म्हणायचे. "जायच्या आधी ती टीम पुरी करून त्याला पाठवली पायजे रे. तो बघायला असेपर्यंत." एवढं बोलून ते खोक्यात हात घालायचे.

आणि ते कार्ड मला मिळालं. बाजार उठता उठता, फिलिपिनो बाईंच्या खोक्यात, अगदी तळाला. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही हा नियम त्या दिवशी मला पाळता आला नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं आणि टपरीवरच्या एका करक चहाच्या किमतीत ते देऊन टाकलं. चाचा त्या शुक्रवारी आले नव्हते, सामानाची आवराआवर चालली होती. मी फोन केला तर त्यांनी मला खेळाडूचं नाव दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पुढच्या येळी येतो. सांभाळून ठेव."

मी ते टेबलावर एका जाड पुस्तकात ठेवलं. सांभाळून ठेवायचं आहे, हे घरात सगळ्यांना सांगितलं.

इथे बाबांबद्दल एक सांगायला हवं. आमच्याकडे महत्त्वाचा कागद म्हणजे लॅमिनेट केलेला कागद. इथली दमट हवा, कामाचा घाम, दर दोन-तीन वर्षांनी बदलणारी खोली, यांत बाबांनी खूप कागद गमावले होते. त्यामुळे हाती आलेला प्रत्येक कागद घेऊन ते कोपऱ्यावरच्या टायपिंग सेंटरमध्ये जायचे. माझा जन्मदाखला लॅमिनेट, लसीकरणाचं कार्ड लॅमिनेट. दहावीची गुणपत्रिकासुद्धा. तिच्यावर पुढे शिक्का मारून घ्यायची वेळ आली तेव्हा काउंटरवरचा माणूस "प्लास्टिकवर शाई कुठे धरते भाई?" म्हणून हसला होता. आई म्हणायची, "एक दिवस हा माणूस मलाही लॅमिनेट करून आणील."

तुमच्या लक्षात आलंच असेल. एका संध्याकाळी मी क्लासहून घरी आलो तर कार्ड टेबलावर, पुस्तकाबाहेर, चकाकत होतं. टायपिंग सेंटरवाल्याने कोपरे छान गोल कापले होते.

"आता पान्यात टाक," बाबा म्हणाले. "काय होणार नाय. चाचाला सांग, जन्मभराची गॅरंटी."

कार्ड जमवणाऱ्यांना कोपरे टोकदार लागतात. कार्डावर साधा डाग चालत नाही, आणि हे तर तापवून प्लास्टिकमध्ये बसवलेलं. पण बाबा इतके खूश होते. कामावरून आल्यावर अंघोळही न करता ते तिकडे गेले होते. मी म्हटलं, "छान झालंय." आईने माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकला.

पुढच्या बाजाराच्या शुक्रवारी बाबा हौसेने वर आले. त्यांना ते कार्ड स्वतः चाचांच्या हातात द्यायचं होतं. माझ्या ओळखीच्या एका ओमानी मुलाने ते आधी बघितलं आणि इंग्रजीत म्हणाला, "याला मारलं कुणी?" तो चेष्टा करत होता. पण तेवढं इंग्रजी बाबांना कळतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी खाली बघितलं.

चाचा आल्बम घेऊन आले होते. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं, रिकाम्या कप्प्यात सरकवून बघितलं. बसेना. प्लास्टिकची कड आडवी येत होती.

"साहेब कोपरे बघतो," ते हळूच म्हणाले. "नखाने."

"माझी चूक झाली," बाबा म्हणाले. "पोराला काय बोलू नका, त्याला म्हायत पण नव्हतं. थांबा, माझ्याकडे कटर हाय व्हॅनमदी. कडेनं कापून काढतो."

"हात नको लावूस!" चाचा ओरडले. आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. "कापायला गेलास तर तोंड सोलून निघंल त्याचं."

बाबांचे हात खिशात गेले, बाहेर आले, परत गेले. चाचांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं.

"माझ्या निकाहनाम्याची झेरॉक्स अशीच हाय," ते म्हणाले. "कॅम्पात असताना मीच करून घेतली होती. बायको म्हणते, आता सुटकाच नाय."

बाबा हसले नाहीत. चाचांनी आपल्याकडच्या जादा कार्डांचा रबर लावलेला गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला, माझं बोट धरून त्यावर टेकवलं आणि आपलं बोट त्या चकाकत्या खेळाडूवर ठेवलं.

"खलास," ते म्हणाले. "आता माझा झाला. साहेबाला पुरी वाटली तर टीम पुरी. नाय वाटली तर ते माझं नि साहेबाचं."

मी बोट उचललं, परत टेकवलं. शेवटी मीही "खलास" म्हटलं.

चाचा गावी गेले. तिथून त्यांनी साहेबाला आल्बम पाठवला आणि आम्हाला तसं कळवलं. मग काहीच नाही. फोन केला की म्हणायचे, "पोचला का नाय ते पण कळत नाय. साहेब फोन उचलत नाय." मध्ये मला कॉलेजात प्रवेश मिळाला. मुलाखतीत तिथल्या मॅडमनी विचारलं, अनोळखी लोकांशी बोलायला भीती वाटते का? मला टेबलाखालची खोकी आठवली आणि मी म्हटलं, वाटते, पण बोलतो. हे धाडस मला त्या बाजाराने दिलं. फिलिपिनो बाईंनी, त्या चेष्टेखोर मुलाने, चाचांनी, आणि खाली व्हॅनमध्ये उन्हात बसून राहिलेल्या माणसाने. त्यांचे आभार मानायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून इथे लिहितो.

कॉलेजचं ओळखपत्र मी घरी आणलं तेव्हा बाबांनी ते दोन्ही बाजूंनी बराच वेळ बघितलं. माझी खात्री होती की आता चपला घालून टायपिंग सेंटरला निघतील. त्यांनी ते मला परत दिलं. "तूच ठेव बाबा," म्हणाले. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर ते दर आठवड्याला, दुसरंच काहीतरी बोलता बोलता, विचारायचे, "चाचाचा काय फोन?"

गेल्या महिन्यात, शुक्रवारी दुपारी, आम्ही बाप-लेक व्हॅनमध्ये बसलो असताना चाचांचा व्हॉइस मेसेज आला. मी फोन डॅशबोर्डवर ठेवला. बाबांनी इंजिन बंद केलं.

"पोरा, तुज्या बापाला पण ऐकव," चाचा बोलत होते, मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती. "साहेब आजारी होता रे, म्हणून फोन उचलत नव्हता. आता लेकीकडे ऱ्हातो. तिने लावून दिला. आल्बम कधीच पोचला होता, तिने तो बरा होईपर्यंत ठेवला होता. सगळी कार्डं अंथरुणावर मांडली त्याने, नखाने कोपरे बघितले सगळ्यांचे. आपल्या कार्डावर आला नि नख घसरलं. बोलला, हे कुणी केलं? मी बोललो, आमच्या गावाकडचा एसी मेकॅनिक हाय एक, त्याने. तर हसायला लागला, खोकला येईपर्यंत. बोलला, हा गडी पुरा सीझन बाकावर बसून होता, कपड्याला माती लागली नाय याच्या. याला प्लास्टिकच शोभतं. ऐकतोस ना? कप्प्यात बसत नाय म्हणून लेकीने पानावर वरून चिकटवलाय. टीम पुरी झाली, साहेब बोलला. पुरी झाली."