सोबतीला आलेल्या जावेचा पाय

डाव्या बरगडीवर नागीण उठली होती, ती पंधरा दिवसांत वाळली. दुखणं मात्र राहिलं. वर्ष उलटलं तरी त्या वीतभर पट्ट्यावर ब्लाउजचं कापड टेकलं की निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. मी जळगावला एका कचेरीत आवक-जावक बघत होते. करून झालेल्या उपायांची यादी डायरीच्या मागच्या पानावर होती : गेरूचा लेप, दोन डॉक्टरांच्या गोळ्या, पाचोऱ्याच्या वैद्यांचं तेल. प्रत्येकापुढे फुली. तेवढ्यात कळलं, की धुळ्याला एका डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यासाठी चुंबकाचं मशीन आणलंय. नव्वद सालानंतरची गोष्ट; तेव्हा ते नवलच होतं. मी वीस दिवसांची रजा टाकली आणि धुळ्याजवळच्या खेड्यात धाकट्या दिराकडे जाऊन राहिले.

धाकटी जाऊ रोज सकाळच्या एसटीने माझ्या सोबतीला धुळ्याच्या दवाखान्यात यायची. तिचाही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत ठणकायचा, पण ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी तिला बाकावरून उठताना पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हीही झोपा बघू टेबलावर."

मशीन म्हणजे एक खोकं, त्यातून निघालेली जाड वायर आणि टोकाला बशीएवढी चकती. आधी अंगावरचं धातूचं सगळं काढायचं. मंगळसूत्र, घड्याळ, बांगड्या, केसातल्या चार पिना. मी मोजून रुमालात बांधायचे. मग टक् टक् टक्. माझ्या बरगडीवर नुसता आवाज. तिच्या मांडीवर चकती ठेवली, तर पाय आपोआप उडायला लागला.

"अक्का, देखा ना, पाय नाची ऱ्हायना!" ती हसत सुटली.

डॉक्टरांनी दोघींना एकेक कार्ड दिलं. दुखणं शून्य ते दहात किती, तो आकडा रोज लिहायचा. तिचं शिक्षण सहीपुरतं, असं मी धरून चालले आणि दोन्ही कार्डं माझ्याकडे घेतली. तिचे आकडे आठ, सात, पाच असे आले. माझे आठ, आठ, आठ.

"आज काय लिहू?" मी चौथ्या दिवशी विचारलं.

"तीन. नही, दोनच लिखा. पाय आते हलका शे."

त्या दिवशी ती चुलीपुढे मांडी घालून भाकरी थापत होती. रजा मी काढली, पत्ता मी शोधला, ती नुसती सोबत आली होती. आणि मशीनने ऐकलं ते तिचं. तिच्या कार्डातला एकही आकडा मी फिरवला नाही, हे सांगून ठेवते. फिरवले ते माझे. दोन आणि आठ शेजारी शेजारी मला बघवेनात. पाचव्या दिवशी मी सहा लिहिले. मग पाच. मग चार.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही कार्डं टेबलावर मांडली. "छान! ताई, तुमचंही निम्म्यावर आलं की. आता दोघींचं बंद करू. बाहेर रांग लागलीय."

बरगडी त्या क्षणीही जळत होती. दहा दिवसांची रजा शिल्लक होती आणि यादीत याच्यापुढचा उपाय नव्हता. खरं बोलावं तर ते जावेसमोर बोलावं लागणार. मी पिशवी उचलली.

जाऊ जागची हलली नाही. "डॉक्टरसाहेब, अक्कानं दुखणं कमी नही. पदर टेकना तरी दात खातस."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "खरा आकडा किती?"

"आठ."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी माझं कार्ड मधोमध फाडलं. "आणि मी समजत होतो, चकती बरोबर जागी ठेवतोय! जागा कधीच बदलली असती." मग नवं कार्ड काढलं आणि ते माझ्याऐवजी तिच्यापुढे धरलं. "हे तुम्ही लिहायचं. आकडे येतात?"

"कापसाना वजनकाटा वाचस मी," ती म्हणाली.

चकती पाठीकडे, मणक्याजवळ सरकली. जाऊ रोज माझ्याकडे नीट बघायची आणि वाकडातिकडा आकडा काढायची. आठ, आठ, सात, आठ, सात. आवक-जावक सांभाळणारी मी, माझी नोंद दुसरीच्या हातात, आणि तीही बरोबर. शेवटच्या दिवशी तिने सहा काढले.

"सात," मी म्हणाले.

"सहाच. आज पदर खोसेल शे तुम्हना."

मी खाली बघितलं. पदर डाव्या कुशीवरूनच घेऊन कमरेला खोचला होता. कधी खोचला, ते माझ्या लक्षातही नव्हतं.

मला निरोप द्यायला ती धुळ्याच्या स्टँडवर आली. जळगावची गाडी लागल्यावर माझ्या दोन्ही पिशव्या घेऊन जागा धरायला तीच आधी चढली, उंच पायरीवर, दांडीला न धरता. मी खालून तिचा पाय बघत राहिले. तिचं कार्ड बंद झालं होतं. नाहीतर तिथे मी शून्य लिहिलं असतं, कारण तेच खरं होतं. पण लिहिताना मला बरं वाटलं नसतं.