पैनगंगेच्या अलीकडचं डिझेल

"साहेब, भाव कमी झाला म्हनता, मंग ट्रका काहून थांबून नाई राह्यल्या?"

मायाताई खोब्रागडे पंपाच्या शेडखाली कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. समोरच्या हायवेवरून ट्रकामागून ट्रक हैदराबादकडे चालले होते. एकही आत वळत नव्हता. साहेब लोक अशा वेळी करतात तेच मी केलं. मोबाइल काढून उगाच काहीतरी बघत बसलो.

मी एका तेल कंपनीत सेल्स ऑफिसर आहे. म्हणजे पंपांवर फिरायचं, माप आणि तेलाची शुद्धता तपासायची, आणि विक्री का होत नाही म्हणून वरच्यांच्या शिव्या खायच्या. यवतमाळ जिल्हा माझ्याकडे होता. मी मूळचा याच जिल्ह्यातल्या दारव्ह्याचा, त्यामुळे इथल्या डीलरांना माझ्याशी साहेबी बोली बोलावी लागत नाही. मायाताईंचा पंप पाटणबोरीच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की तेलंगणा. हैदराबादकडे जाताना महाराष्ट्रातला हा आमचा शेवटचा पंप.

आता थोडं कराचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. पेट्रोल-डिझेलला जीएसटी लागत नाही. केंद्राचा कर सगळीकडे सारखा, पण त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं. म्हणून तेल तेच, कंपनी तीच, पण नदीच्या दोन काठांवर भाव दोन. डीलरला भाव ठरवता येत नाही. त्याला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं. विक्री वाढली तरच तो जगतो.

पूर्वी डिझेलमध्ये दोन्ही काठांचा फरक पैशांतला होता. मग आपल्या राज्यानं व्हॅट कमी केला आणि तेलंगणानं केला नाही. एका रात्रीत लिटरमागे काही रुपयांचा फरक पडला! ती बातमी वाचली तेव्हा मी घरात एकटाच टाळ्या वाजवत होतो. बायको म्हणाली, "भारत जिंकला का?" मी म्हटलं, "मायाताई जिंकल्या."

कुठलं काय. महिना होत आला तरी विक्री होती तिथेच.

नागपूरहून आमच्या मॅनेजरांचा फोन आला.

"बॉर्डरवरचा पंप, भाव एवढा खाली, आणि सेल तेवढाच? तू तिकडे जाऊन झोपतोस का?"

"सर, झोपायला जागा उत्तम आहे. एकही गाडी आत येत नाही."

"विनोद नको. मला आकडा पाहिजे."

मला आकड्यापेक्षा वेगळीच काळजी होती. मायाताईंना हा पंप अनुसूचित जातीच्या राखीव कोट्यातून मिळाला होता. पतसंस्थेतली कारकुनी सोडून त्यांनी त्यात उडी घेतली होती. असे पंप मिळाले की बाजूला बगळे बसलेलेच असतात. इथेही एक गिट्टीवाले, म्हणजे खडीच्या धंद्यातले, शेठ होते. त्यांचा प्रस्ताव साधा होता. पाटीवर नाव मायाताईंचं, पंप शेठ चालवणार, आणि ताईंना दरमहा घरबसल्या काहीतरी. कंपनीच्या नियमात हे चालत नाही. मला कळलं तर मला वर कळवावंच लागतं, आणि मग पंपच जातो.

मायाताईंनी ते मला तोंडावर सांगितलं. "तुमच्या चोरून काही नाई करणार, साहेब. पोऱ्यायचे पगार खिशातून देऊन राह्यली मी. पोयापर्यंत पाहीन. नाई जमलं तर शेठले नाई, तुमालेच पंप वापस देईन. पन माह्या नावावर दुसरा बसला, असं नाई होऊ देणार."

पोळ्याला महिनाही उरला नव्हता. मला ते ऐकून फार वाईट वाटलं, आणि रागही आला, शेठचा कमी आणि त्या ट्रकवाल्यांचा जास्त. स्वस्त डिझेल सोडून महाग डिझेल घ्यायला जातात म्हणजे काय!

म्हणून एका सकाळी मी सरळ नदी ओलांडली आणि पलीकडच्या मोठ्या ढाब्यावर खाटेवर जाऊन बसलो. ढाब्याला लागूनच पंप होता, तोही आमच्याच कंपनीचा. तिथे ट्रकांची ही रांग! मी चहा मागवला. शेजारी ओल्या केसांनी एक राजस्थानी ड्रायव्हर, भंवरलाल, पराठे खात होता.

"डिझेल इधर भराया?" मी विचारलं.

"हाँ जी. महाराष्ट्र में महँगा रहता है ना."

"किसने बोला?"

"सब बोलते हैं. टीवी पे मुंबई का भाव देखा नहीं क्या?"

म्हणजे हे लोक अजून जुन्या बातमीवर चालले होते. मी मोबाइलवर दोन्ही काठांचे आजचे भाव काढून त्याच्या पुढ्यात धरले. त्याचा पराठा हातातच राहिला. त्यांच्याकडे ठेका असतो. मालक एका फेरीच्या डिझेलची रक्कम ठरवून देतो, त्यातून वाचेल ते ड्रायव्हरचं. त्यानं मनातल्या मनात टाकीचा हिशेब केला. फेरीला बायकोची एक साडी निघत होती.

"हे भगवान! कितने दिन से?"

"महिना हो गया."

त्यानं कपाळावर हात मारला. पण मग म्हणाला, "लेकिन साहब, नहाना कहाँ?"

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. हे लोक पहाटे नागपूरहून निघतात आणि सकाळी इथे पोचतात. आंघोळ, गाडीला उदबत्ती, पोटपूजा, आणि तिथेच टाकी भरून पुढे. आंघोळ झाल्याशिवाय गाडीला उदबत्ती नाही आणि उदबत्तीशिवाय गाडी पुढे नाही. जिथे पाणी तिथे डिझेल. आम्ही कंपनीवाले एसी ऑफिसात बसून भावाचे तक्ते करत होतो, आणि धंदा नळाला अडकला होता!

चहा अर्धा टाकून मी परत फिरलो. पुलावरून येताना मी गाडीत मोठ्यानं गाणं म्हणत होतो. सुरात नव्हतं, पण ऐकायला कोणी नव्हतं.

"ताई, बोअरला पाणी किती?"

"पान्याले काय झालं? श्रावणात पान्याची चौकशी करून राह्यले?"

मी सांगितलं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. गवंड्याला फोन लावला. पंपाच्या मागच्या बाजूला, तेलापासून लांब, सिमेंटचा ओटा झाला, नळांची ओळ झाली, उदबत्ती लावायला कोनाडासुद्धा झाला. राहिला हायवेवरचा बोर्ड. मी मजकूर दिला, 'महाराष्ट्रातला शेवटचा पंप'. मायाताईंनी तो वाचून बाजूला ठेवला.

"शेवटचा म्हनून कोन थांबते, साहेब? त्यायले राज्य नाई लागत, बचत लागते."

त्यांचा बोर्ड हिंदीत आणि तेलुगूत लागला. इकडे तेलुगू येणारा पेंटर शोधावा लागत नाही. 'नदीपलीकडे डिझेल महाग. टाकी इथे भरा, आंघोळ फुकट.' आणि खाली दोन्ही काठांचे भाव, रोज बदलायचे.

पहिल्या दिवशी पाच-सहा गाड्या वळल्या. मग भंवरलाल पुढच्या फेरीला आला तो आपल्या गाववाल्यांना घेऊनच. त्यानं नळाखाली उभं राहून ड्रायव्हरांच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. मागे पाण्याचा आवाज येत होता. तो मेसेज कुठे कुठे गेला देव जाणे, पण पोळ्याच्या आदल्या सकाळी मला मायाताईंचा फोन आला.

"साहेब, लवकर या! लाइन रोडपर्यंत गेली!"

मी पोचलो तर खरंच रांग होती! पंजाबचे, राजस्थानचे, तामिळनाडूचे नंबर. मायाताई गळ्यात शिट्टी अडकवून गाड्या लावत होत्या. मी आनंदात मापाची काठी टाकून टाकी बघितली, आणि आनंद तिथेच आटला. जमिनीखालच्या टाकीत तेल तळाला आलं होतं. पंप कोरडा पडणं याला आमच्याकडे ड्राय-आउट म्हणतात, आणि ते पाप समजतात. त्यातून या गर्दीला आज 'डिझेल नाही' सांगितलं असतं, तर तोही मेसेज ग्रुपवर गेला असता.

डेपोला फोन केला. "तुमचा टँकर उद्याच्या यादीत आहे."

मॅनेजरांना केला. "सर, तुम्हाला आकडा पाहिजे होता ना? आलाय. रांगेत उभा आहे. तेल पाठवा."

दुसऱ्या पंपाला निघालेला एक टँकर पांढरकवड्याच्या वाटेवर होता, तो त्यांनी आमच्याकडे वळवला. तो येईपर्यंत मायाताईंनी रांगेला आंघोळीला पाठवलं. "नहाके लो भैया, तेल आ रहा है!" टँकर आत शिरला तेव्हा ओल्या पंच्यातल्या ड्रायव्हरांनी शिट्ट्या वाजवल्या. मीही वाजवली. पंधरा वर्षांच्या नोकरीत टँकर बघून माझ्या डोळ्यांत पाणी यायची ती पहिली वेळ.

पोळ्यानंतर शेठ उत्तर घ्यायला आले. काय सांगितलं, म्हणून मी ताईंना विचारलं.

"म्हनलं, शेठ, आता मलेच पंप पुरत नाई."

कंपनीनं कौतुक म्हणून माझं टार्गेट वाढवलं. ते आमच्याकडचं बक्षीस असतं.

थंडीत तेलंगणातल्या माझ्या जोडीदार ऑफिसरचा फोन आला. ढाब्याजवळच्या त्या पंपाचा डीलर, एक रिटायर्ड फौजी, पंप परत करायला निघाला होता. विक्री राहिली नव्हती. मी ते मायाताईंना सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून हातात घेतली.

मग म्हणाल्या, "पन त्यायनं काय चुकवलं, साहेब? पानी तं ते बी देत होते."

काहीच चुकवलं नव्हतं. आजही कोणी पंप घ्यायचा म्हणून सल्ला विचारला, तर मी कष्ट, सचोटी, गिऱ्हाइकाची सेवा हे सगळं सांगतो. पण आधी विचारतो, नदीच्या कोणत्या काठाला आहे?